चायनीजची गाडी आणि कष्टकऱ्याचे दुपारचे जेवण

दुपारचा एक वाजला की अंधेरी पूर्वेच्या औद्योगिक वसाहतीतील फाटकांतून माणसांचे लोंढे रस्त्यावर येतात. १९७३ साली स्थापन झालेल्या ‘सीप्झ’च्या आवारात आणि त्याच्या भोवताली दागिने घडविणारे कारागीर आहेत, संगणकापुढे बसणारे तरुण आहेत, कंत्राटदाराच्या हजेरीपटावरचे सुरक्षारक्षक आणि सफाई कामगार आहेत, खोकी वाहणारे हमाल आहेत. त्या घटकेला या सर्वांपुढे एकच प्रश्न उभा असतो. हाती असलेल्या अर्ध्या तासात, खिशाला परवडेल आणि पोटाला आधार होईल असे काय खावे? घरचा डबा ज्याच्या हाती आहे तो सुखी. परंतु ज्याचे कुटुंब गावी आहे, जो सात-आठ जणांबरोबर एका खोलीत राहतो, जो पहाटेची गाडी पकडून विरार किंवा बदलापूरहून येतो, त्याचा डबा कोणी भरावा? असा माणूस बहुधा वडापावाच्या टपरीकडे वळतो, आणि पोटभर खावयाचे असेल तर कोपऱ्यावरच्या चायनीजच्या गाडीपुढे जाऊन उभा राहतो.

गाडीचे रूप मुंबईच्या उपनगरांत सर्वत्र एकसारखे आहे. लाल रंगाचा पत्रा, त्यावर पिवळ्या अक्षरांत नाव, एखादा ड्रॅगन. आत बारीक चिरलेल्या कोबीचा ढीग, उकडून तेल चोळून ठेवलेल्या नूडल्सचे पातेले, मोकळा शिजविलेला भात, सोया सॉसची बाटली, लालभडक शेजवान चटणीचा डबा आणि भणाणणाऱ्या शेगडीवर काळीकुट्ट झालेली कढई. ‘हाफ’ मागितली तरी थाळी शिगोशीग भरते. शंभर रुपयांच्या आत एका माणसाचे जेवण होते आणि ते मिळण्यास पाच मिनिटांहून अधिक वेळ लागत नाही. अंधेरीप्रमाणेच हे दृश्य बोरिवली स्थानकाच्या बाहेर, मुलुंडच्या लालबहादूर शास्त्री मार्गालगत आणि घाटकोपरच्या मेट्रो स्थानकाखालील गर्दीतही दिसते. लोक उभ्याने खातात, कागदी रुमालाला हात पुसतात आणि कामावर परत जातात.

या गाडीकडे पाहण्याच्या दोन रीती रूढ आहेत. रविवारच्या पुरवण्यांतून तिची चटकदार वर्णने येतात. तीत गाडी ही शहराची एक गंमत ठरते. दुसरी रीत नागरिक संघांच्या निवेदनांत आढळते. तेथे ती अतिक्रमण, अस्वच्छता आणि उपद्रव या तीन शब्दांत संपते. दोन्ही रीतींत खाणारा माणूस नाही आणि शिजविणाराही नाही. श्रमिकाचे दुपारचे जेवण हा मजुरीचा, कायद्याचा आणि म्हणून राजकारणाचा प्रश्न आहे, ही गोष्ट पुरोगामी चळवळीनेही फारशी मनावर घेतलेली नाही. तो प्रश्न या गाडीच्या निमित्ताने तपासून पाहण्याजोगा आहे.

नावामागचा इतिहास

या अन्नाला ‘चायनीज’ म्हणतात. परंतु ज्यांनी ते मुंबईत आणले त्या माणसांची आठवण गाडीच्या रांगेतील कोणालाही नसते. माझगावात, गोदीपासून जवळच, एका जुन्या दुमजली घरात १९१९ साली स्थापन झालेले चिनी देवालय आहे. ‘सी यूप’ हे त्याचे नाव. सी यूप म्हणजे चार तालुके. दक्षिण चीनच्या क्वांगतुंग प्रांतातील, कँटनी बोलीच्या मुलखातील चार तालुके. तेथील गरीब माणसे जहाजांवर खलाशी, सुतार आणि आचारी म्हणून नोकरीला लागली आणि जगातील बंदराबंदरांत पांगली. मुंबईच्या गोदीत उतरलेल्यांपैकी काहींनी येथेच घर केले. शहरातील पहिली चिनी उपाहारगृहे कँटनी पाककृतीची होती: वाफेवर शिजविलेले, आले आणि कांद्याच्या पातीचा बेताचा वास असलेले, तिखटाशी फारसे सख्य नसलेले अन्न.

याच चार तालुक्यांतील माणसे एकोणिसाव्या शतकात कॅलिफोर्नियातही गेली. त्यांनी खाणी खणल्या, लोहमार्ग टाकले आणि उरल्यासुरल्या भाज्या-मांस एकत्र परतून ‘चॉप्सी’ नावाचा पदार्थ रूढ केला. आज मुलुंडच्या गाडीवर ‘अमेरिकन चॉप्सी’ मागविणाऱ्याला ठाऊक नसते की, त्या नावात एका कामगारवर्गाचा प्रवास दडलेला आहे. त्या कामगारांचे पुढे काय झाले हे मात्र प्रत्येक कार्यकर्त्याला ठाऊक असावयास हवे. १८७७ नंतर कॅलिफोर्नियात ‘वर्किंगमेन्स पार्टी’ या कामगारांच्याच म्हणविणाऱ्या पक्षाने चिनी मजुरांना हाकलून द्या अशी हाक दिली आणि १८८२ साली अमेरिकेने चिनी मजुरांना बंदी करणारा कायदा केला. मालकाने मजुरी पाडली आणि गोऱ्या मजुराने त्याचा राग शेजारच्या मजुरावर काढला. कामगार चळवळीच्या इतिहासातील हे काळे पान आहे आणि ते कामगारांच्या हातूनच लिहिले गेले.

भारतातील पान याहून उजळ नाही. २० ऑक्टोबर १९६२ रोजी चीनने आक्रमण केले. महिन्याभरात युद्ध थांबले. परंतु चिनी वंशाच्या, येथेच जन्मलेल्या माणसांवरचा सरकारी संशय थांबला नाही. आसाम, शिलाँग, दार्जिलिंग या भागांतून सुमारे ३,००० माणसे, त्यांत बायका, मुले, वृद्ध सर्व आले, उचलून राजस्थानातील देवळीच्या छावणीत नेण्यात आली. त्यांच्यावर खटला नव्हता, आरोपही नव्हता. शेवटचे कैदी सुटण्यास १९६७ साल उजाडले. मुंबईतील चिनी वस्तीवरही पोलिसांची नजर बसली आणि अनेक कुटुंबे हा देश सोडून गेली. देवळी हे नाव समाजवाद्यांना अपरिचित नाही. १९४१ साली ब्रिटिशांनी जयप्रकाश नारायण यांना स्थानबद्ध केले ते याच देवळीत आणि तेथील राजबंद्यांच्या उपोषणात ते सहभागी झाले. ज्या छावणीत परक्या सत्तेने विनाचौकशी माणसे डांबली, तिचीच दारे स्वतंत्र भारताने एकवीस वर्षांनी आपल्याच रहिवाशांसाठी उघडावीत, ही नामुष्की त्या वेळी जेवढ्या मोठ्याने बोलली जावयास हवी होती तेवढी बोलली गेली नाही. ज्या सोलापूरने द्वारकानाथ कोटणीसांसारखा डॉक्टर चीनच्या जखमी सैनिकांसाठी दिला, त्या महाराष्ट्रात तरी ती बोलली जावयास हवी होती.

माणसे गेली, अन्न राहिले आणि बदलले. कलकत्त्यात जन्मलेले आणि मुंबईत स्थिरावलेले नेल्सन वाँग यांनी १९७५ साली क्रिकेट क्लबच्या स्वयंपाकघरात आले, लसूण, हिरवी मिरची ही देशी फोडणी करून त्यात सोया सॉस आणि कॉर्नफ्लोअर घातले आणि ‘मांचुरियन’ जन्मास आले, असे सांगितले जाते. मांचुरियाशी त्याचा काही संबंध नाही. ‘शेजवान’ हे चीनच्या सेचवान प्रांताचे नाव. परंतु गाडीवरच्या शेजवान चटणीत त्या प्रांतातील जीभ बधिर करणारी मिरी नसते, असते ती सुक्या लाल मिरचीची आणि लसणाची ठेच, जी कोणत्याही मराठी घरातील पाट्यावर शोभावी. नूडल्स कुरकुरीत तळून तिची ‘चायनीज भेळ’ झाली; भात, नूडल्स आणि रस्सा एकत्र आणून ‘ट्रिपल शेजवान’ झाला. कँटनच्या माणसाने हे अन्न ओळखले नसते. एका चुलीवरून दुसऱ्या चुलीवर जाताना अन्न असेच रूपांतर पावते. बटाटा, मिरची आणि पाव हे सारे पोर्तुगीजांबरोबर आले. त्या तिघांच्या संगमातून झालेला वडापाव आज मराठी अस्मितेचे चिन्ह मानला जातो. तेव्हा अन्नाच्या बाबतीत शुद्धतेची भाषा बोलणाऱ्यांनी आधी आपल्या ताटाची झडती घ्यावी.

गाडीमागचा माणूस

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतील सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. तो संप रीतसर कधी मिटलाच नाही. गिरण्या मात्र एकामागून एक बंद पडत गेल्या. पुढील दोन दशकांत उपनगरांतील अभियांत्रिकी, रसायन आणि औषध कारखान्यांनाही टाळी लागली. मुलुंड, भांडुप, घाटकोपरच्या पट्ट्यात जेथे भोंगे वाजत तेथे आता मॉल आणि गगनचुंबी इमारती आहेत. ज्या घरांतील बापाला कायम नोकरी, भविष्यनिर्वाह निधी आणि कॅन्टीनचे जेवण मिळत होते, त्या घरांतील मुलाच्या वाट्याला यांतील काहीच आले नाही. थोडे भांडवल, थोडी उसनवारी आणि गल्लीतील ओळख यांच्या बळावर त्यांतील काहींनी चायनीजची गाडी टाकली. मराठी तरुण धंद्यात उतरत नाही असे ज्यांचे ठाम मत आहे त्यांनी संध्याकाळी सातनंतर उपनगरातील कोणत्याही नाक्यावर जाऊन पाहावे.

परंतु गाडीवर एकच वर्ग नाही, हेही नजरेआड करून चालणार नाही. अनेक ठिकाणी गाडीचा मालक एक, जागेवर हक्क सांगणारा दुसरा आणि कढई हलविणारा तिसरा असतो. हा तिसरा माणूस बहुधा नेपाळचा, उत्तराखंडचा, ईशान्येचा किंवा उत्तर प्रदेश-बिहारचा असतो. त्याला हजेरीपुस्तक नाही, साप्ताहिक सुट्टी नाही, किमान वेतनाची पावती नाही. भट्टीपुढे दहा-बारा तास उभे राहावयाचे आणि रात्री माळ्यावर किंवा गाडीच्या आडोशाला झोपावयाचे. १८ डिसेंबर २०१७ च्या पहाटे साकीनाक्याच्या खैराणी रोडवरील एका फरसाणाच्या दुकानाला आग लागली तेव्हा १२ कामगार मरण पावले. जेथे काम करावयाचे तेथेच निजावयाचे, ही त्यांची राहण्याची रीत होती आणि तीच त्यांना भोवली. शहराला स्वस्तात खाऊ घालणारे हात कसे जगतात हे त्या पहाटे दोन दिवसांपुरते शहराला कळले. मग विस्मरण झाले.

स्वस्त जेवणाचा लाभ कोणाला?

अर्थशास्त्रात ज्यांना वेतनवस्तू म्हणतात त्यांत अन्न प्रथम येते. कामगाराला दुसऱ्या दिवशी पुन्हा कामावर येता यावे यासाठी जे लागते त्याच्या किमतीवर मजुरीची खालची मर्यादा ठरते. अन्न स्वस्त असेल तर मजुरी कमी ठेवता येते. म्हणजे गाडीवरची थाळी स्वस्त मिळाल्याने वाचणारे पैसे खाणाऱ्याच्याच खिशात राहतात असे वरकरणी दिसते, परंतु त्यांतील मोठा वाटा अखेर त्याच्या मालकाच्या पदरात पडतो. कंत्राटी सुरक्षारक्षकाला तुटपुंज्या पगारात महिना काढता येतो याचे एक कारण त्याला दुपारी चायनीज आणि रात्री वडापाव मिळतो हे होय. आणि ती थाळी स्वस्त का मिळते? गाडीवरच्या आचाऱ्याला कमी मजुरी मिळते, गाडीवाला स्वतःचे आणि घरच्यांचे श्रम हिशेबात धरत नाही, आणि स्वच्छ पाणी, सुरक्षित इंधन, बसावयास जागा या गोष्टींवर खर्च होत नाही, म्हणून. एका गरिबाच्या पोटाला दुसऱ्या गरिबाच्या श्रमाचा टेकू दिलेला आहे आणि त्या टेकूवर काचेच्या इमारती उभ्या आहेत.

कायद्याने हे असे व्हावयास नको होते. १९४८ च्या कारखाना कायद्याने २५० हून अधिक कामगार असलेल्या कारखान्यात कॅन्टीन चालविणे मालकावर बंधनकारक केले. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याने १०० किंवा अधिक कंत्राटी कामगार असतील तेथे तशी तरतूद केली. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा व आरोग्यविषयक संहितेने कंत्राटी कामगार धरून १०० ही मर्यादा ठेवली आहे. या आकड्यांतच पळवाट आहे. उपनगरातील औद्योगिक वसाहत म्हणजे आज गाळ्यांची रांग आहे. एका गाळ्यात वीस माणसे, दुसऱ्यात तीस. एका इमारतीत मिळून हजार माणसे राबतात, परंतु कायद्याच्या दृष्टीने त्यांतील एकाही मालकाचा कॅन्टीनशी संबंध येत नाही. उत्पादन तुकड्यांत विभागले की कामगाराचे हक्कही तुकड्यांत विरून जातात. ज्या मोठ्या कंपन्यांत कॅन्टीन आहे तेथेही कंत्राटी सफाई कामगाराला त्या टेबलावर बसण्याचा मान क्वचित मिळतो. मोटारसायकलवरून इतरांची जेवणे पोहोचविणाऱ्या तरुणाचा तर प्रश्नच नाही. त्याला मालक कोण हेच कायदा अद्याप धड सांगत नाही. तो शंभर घरांचे जेवण वाहतो आणि स्वतः गाडीपुढे उभ्याने खातो.

कायदा, मनाई आणि हप्ता

ज्या गाडीवर इतक्यांचे जेवण अवलंबून आहे ती कायद्याने कोठे उभी आहे? १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या पदपथवासीयांच्या खटल्यात उपजीविकेचा हक्क हा जीविताच्या हक्काचा भाग होय असे म्हटले, आणि त्याच निकालात पदपथावरील झोपड्या हटविण्यासही मोकळीक दिली. १९८९ साली दिल्लीच्या सोदान सिंग खटल्यात रस्त्यावर विक्री करणे हा व्यवसायस्वातंत्र्याचा भाग मानला गेला, अर्थात वाजवी निर्बंधांसह. २००३ साली मुंबईसाठी जी योजना न्यायालयाने मान्य केली तीत मात्र रेल्वे स्थानकापासून १५० मीटर आणि शाळा, रुग्णालये, प्रार्थनास्थळांपासून १०० मीटर अंतरात विक्रीला बंदी आली आणि रस्त्यावर कोणत्याही प्रकारे अन्न शिजविण्यास मनाई झाली.

अखेर फेरीवाल्यांच्या दीर्घ लढ्यानंतर संसदेने २०१४ साली पथविक्रेता कायदा केला. पाहणी पूर्ण होऊन प्रमाणपत्रे दिली जाईपर्यंत कोणालाही उठवू नये, असे तो सांगतो. शहराच्या लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेत्यांना सामावून घेण्याचा दंडक तो घालून देतो. नगर पथविक्रेता समितीत ४० टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांनी निवडलेले असावेत, असेही तो सांगतो. आता मुंबईचा हिशेब पाहावा. २०११ च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या १ कोटी २४ लाखांवर होती. तिचे अडीच टक्के म्हणजे सुमारे ३ लाख ११ हजार. २०१४ च्या पालिकेच्या पाहणीत अर्ज आले सुमारे ९९ हजार. अधिवासाच्या दाखल्यासारख्या अटींच्या चाळणीतून गेल्यावर २०२४ च्या समिती निवडणुकीसाठी मतदार उरले सुमारे ३२ हजार. कायद्याने ज्या संख्येला वाव दिला तिच्या जेमतेम दहाव्या हिश्श्याला कागदावर अस्तित्व मिळाले. उरलेले रस्त्यावर आहेतच. फक्त ते बेकायदा आहेत.

या बेकायदेशीरपणात अनेकांचे हितसंबंध गुंतले आहेत. ज्याला परवाना आहे तो शुल्क भरतो आणि पावती मागतो. ज्याला नाही तो हप्ता देतो आणि गप्प बसतो. हप्ता चुकला किंवा वरून आदेश आला की पालिकेची गाडी येते, कढई, सिलिंडर, शिजविलेला भात सारे उचलून नेते. सोडवून आणण्याचा दंड भरण्यासाठी पुन्हा सावकार. म्हणजे अन्न शिजविण्यास सरसकट मनाई केल्याने अन्न शिजविणे बंद झाले नाही. नाक्यानाक्यावर एक गुप्त करवसुली तेवढी सुरू झाली. त्या कराचा वाटाही शेवटी हाफ प्लेटच्या किमतीतूनच वसूल होतो. शहराच्या तिजोरीत त्यातील एक छदामही पडत नाही.

आक्षेपांचा विचार

फेरीवाल्यांची बाजू घेणाऱ्यांनी विरोधी आक्षेप हसून उडवू नयेत. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर चेंगराचेंगरीत २३ माणसे मेली. ती सर्व लोकलने जाणारी साधी माणसे होती. पुलाची रुंदी वर्षानुवर्षे न वाढविणारे रेल्वे प्रशासन या अपघातास जबाबदार असताना तडाखा फेरीवाल्यांना बसला, हे खरे. तरीही पायी चालणारा हासुद्धा कष्टकरीच असतो आणि त्याला पदपथ हवा असतो, हेही तितकेच खरे. १६ ऑक्टोबर २०१५ रोजी कुर्ल्यातील एका उपाहारगृहात दुपारच्या जेवणाच्या वेळी गॅसच्या सिलिंडरमुळे आग भडकली आणि आठ जण दगावले. त्यांत बहुतेक विद्यार्थी होते. गर्दीच्या फुटपाथवर उघड्या शेगडीशेजारी सिलिंडर उभा असणे हा धोका आहे. बादलीभर पाण्यात दिवसभराच्या थाळ्या विसळणे, तेच तेल पुन्हा पुन्हा तापविणे आणि पदार्थांत मनमानी रंग घालणे हाही गरिबाच्या आरोग्यावरचा घाला आहे. गरिबाचे अन्न आहे म्हणून ते कसेही चालेल, असे म्हणणे समाजवाद्याला शोभणारे नाही.

परंतु या आक्षेपांतून निघणारा निष्कर्ष काय? नळ नसेल तर थाळ्या बादलीतच धुतल्या जाणार. वीज व नळीने येणारा गॅस नसेल तर सिलिंडरच येणार. उद्या जागा राहील की नाही याची खात्री नसलेला माणूस चांगल्या शेगडीवर पैसे कशाला घालील? अस्वच्छता आणि धोका हे बरेच अंशी अस्थिरतेचे परिणाम आहेत आणि अस्थिरता प्रशासनाने निर्माण केलेली आहे. आधी पाणी तोडावयाचे आणि मग घाण आहे म्हणून हाकलावयाचे, हा न्याय नव्हे.

दुसरा आक्षेप परप्रांतीयांचा. स्थानिक म्हणविणारे पक्ष दर काही वर्षांनी गाड्या उलथून लावतात. १९६६ नंतर हीच भाषा उडुपी हॉटेलवाल्यांविरुद्ध बोलली गेली. आज ती बोलणारेच त्या हॉटेलांत इडली खातात. गाडी उलथली तर मालकाची मजुरी वाढत नाही, बंद कारखाना उघडत नाही, आणि मराठी गाडीवाल्याचा हप्ताही कमी होत नाही. कॅलिफोर्नियाच्या मजुरांनी हाच मार्ग धरला होता. त्याने गोऱ्या कामगारांचे राज्य काही आले नाही.

सरकारी थाळी आणि चळवळीची भाकर

सरकारांनी या प्रश्नाला हात घातलाच नाही असे नाही. १९९५ साली सत्तेवर आलेल्या युती सरकारने एक रुपयात झुणका-भाकर देण्याची केंद्रे काढली. मोक्याच्या जागा वाटल्या गेल्या. यथावकाश अनुदान आटले, झुणका-भाकर लुप्त झाली आणि अनेक केंद्रांतून वडापाव, डोसा आणि होय, चायनीजही विकले जाऊ लागले. २६ जानेवारी २०२० रोजी दहा रुपयांची शिवभोजन थाळी सुरू झाली: दोन चपात्या, भाजी, वरण आणि भात. शहरी भागात थाळीची किंमत पन्नास रुपये धरून उरलेले चाळीस शासनाने द्यावयाचे. टाळेबंदीच्या काळात या थाळीने लाखोंना आधार दिला, ही गोष्ट विरोधकांनीही मान्य करावी. पण प्रत्येक केंद्राला थाळ्यांची मर्यादा, वेळ दुपारच्या काही तासांची, आणि चालकांना अनुदानासाठी ताटकळत राहणे नशिबी. दया म्हणून सुरू झालेली योजना अर्थसंकल्पाच्या लहरीवर जगते. हक्क म्हणून मिळवलेली गोष्ट काढून घेणे त्या मानाने कठीण असते.

याहून वेगळा अनुभव महाराष्ट्राच्या पदरी आहे. पुण्यात डॉ. बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखालील हमाल पंचायतीने १९७४ साली ‘कष्टाची भाकर’ हे केंद्र सुरू केले. ना नफा, ना तोटा या तत्त्वावर हमालांच्या संघटनेने हमालांसाठी आणि इतर कष्टकऱ्यांसाठी चालविलेले ते जेवणघर आहे. मुंबईत प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभारून गिरणगावातील खानावळी चालविणाऱ्या बायकांना संघटित केले आणि सावकाराच्या पाशातून सोडवून राष्ट्रीयीकृत बँकेच्या कर्जापर्यंत नेले. दोन्ही ठिकाणी स्वस्त जेवण होते, पण ते शिजविणाऱ्याच्या हलाखीवर उभे नव्हते. सिंगापूरची राज्यपद्धती लोकशाहीवाद्याला अनुकरणीय वाटण्याजोगी नाही. तथापि १९७१ ते १९८६ या काळात तेथील शासनाने रस्त्यावरच्या विक्रेत्यांना नळ, मोऱ्या, वीज असलेल्या बांधीव केंद्रांत जागा दिल्या. त्या विक्रेत्यांतही कँटनी, हक्का मुलखांतून आलेली गरीब माणसे होती. २०२० साली युनेस्कोने त्या खाद्यसंस्कृतीची मानवतेच्या वारशात नोंद केली. मुंबईत तीच गोष्ट अतिक्रमणाच्या नोंदवहीत जाते.

मागण्या कोणत्या?

कार्यकर्त्यांनी या प्रश्नावर वॉर्डावॉर्डांत काम करावयाचे ठरविले तर मागण्या स्पष्ट आहेत. पहिली, २०१४ च्या कायद्यानुसार नवी आणि प्रामाणिक पाहणी व्हावी आणि समितीतील निवडून आलेल्या प्रतिनिधींना खरे अधिकार मिळावेत. दुसरी, अन्न शिजविण्यावरील सरसकट मनाईऐवजी प्रत्येक औद्योगिक वसाहतीत आणि स्थानकाच्या परिसरात, पादचाऱ्यांची वाट सोडून, पाणी, मोरी, वीज आणि सुरक्षित इंधन असलेली अन्नकेंद्रे पालिकेने व औद्योगिक विकास महामंडळाने बांधावीत. आणि तेथे प्रथम हक्क त्याच रस्त्यावर आज शिजविणाऱ्यांचा असावा. तिसरी, कॅन्टीनची जबाबदारी एका मालकाच्या हजेरीपटावर न मोजता संपूर्ण वसाहतीतील कामगारसंख्येवर मोजावी. सर्व गाळेधारकांनी मिळून तिचा खर्च उचलावा आणि कंत्राटी कामगारासह प्रत्येकाला त्या पंक्तीत स्थान असावे. चौथी, गाडीवरच्या आणि उपाहारगृहातील आचाऱ्यांची, पोऱ्यांची नोंदणी होऊन त्यांना किमान वेतन, सुट्टी आणि निवारा मिळावा.

ही चौथी मागणी गाडीमालकांना रुचणार नाही आणि फेरीवाल्यांच्या काही संघटनाही ती टाळू पाहतील. थाळी चार रुपयांनी महागेल, असेही सांगितले जाईल. ते खरेही असेल. पण मग तेवढी मजुरी वाढवून मागणे हे खाणाऱ्याच्या संघटनेचे काम आहे. दोन गरिबांनी एकमेकांची हलाखी वाटून घेण्यापेक्षा दोघांनी मिळून मालकाकडे आणि शासनाकडे हिशेब मागणे हाच संघटनेचा अर्थ होय. आजवर कामगार संघटनांनी फेरीवाल्याला छोटा भांडवलदार समजून दूर ठेवले आणि फेरीवाल्यांच्या संघटनांनी गाडीवरच्या नोकराला हिशेबातच धरले नाही. ही दुहेरी चूक सुधारण्यास वेळ लागेल, पण आरंभ करण्यास फार मोठे साधन लागत नाही. अंधेरी किंवा घाटकोपरच्या एखाद्या गाडीपुढे दुपारी एक वाजता उभे राहून, खाणाऱ्याला त्याचा पगार आणि शिजविणाऱ्याला त्याची मजुरी विचारावी. दोन्ही आकडे एका कागदावर मांडले की पुढच्या सभेचा विषय आपोआप ठरेल.